ब्रॅकेट कुठाय?

तीर्थरूप मामांस,


लेथ विकलीत म्हणे. आईनं फोनवर बोलता बोलता सांगितलं आणि लगेच पाऊसपाण्यावर गेली. मी मात्र तिथंच अडकले. मामा, मला विचारायचंत तरी! मी ती मिशिगनला आणणार नव्हते, पैसेही देणार नव्हते, सगळं खरं. पण विचारायचंत.

पंपाची गोष्ट आठवडाभर तुम्हाला सांगायची होती, ती या रागात राहून गेली. आता लिहूनच सांगते.

आमची जुनी शेव्हरोले सी-10 तुम्ही फोटोत पाहिली आहे. 1968 ची. तुम्ही तिला टेम्पो म्हणाल, इथं तिला ट्रक म्हणतात. पळताना झकास. पण उभ्या गाडीचं चाक वळवायचं म्हणजे खांदे भरून येतात. तुम्ही म्हणायचात ना, स्टेअरिंग जड असलं की ड्रायव्हरला डुलकी लागत नाही? तुमच्या 1210 ट्रकवाल्यांना ते ठीक होतं. मला दुकानासमोर गाडी लावताना जागं राहायची तेवढी गरज नाही. म्हणून पॉवर स्टेअरिंग बसवायचं ठरलं. जुना पॉवरचा स्टेअरिंग बॉक्स ह्यांनी कुठूनसा मिळवला. राहिला पंप.

दुकानातल्या पोरानं साल विचारलं, मॉडेल विचारलं आणि पंप समोर आणून ठेवला. माझ्या तोंडून आपसूक निघालं, ‘ब्रॅकेट कुठाय?’ मराठीतच. मग इंग्रजीत विचारलं. तो म्हणाला, पंप सगळे सारखेच असतात.

उद्यमनगरातल्या तुमच्या वर्कशॉपात कोणी नुसता डायनामो बगलेत मारून आला की तुम्ही त्याच्या तोंडाकडे न बघता हाच प्रश्न टाकायचात, आठवतं? आणि तो ‘ते काय, बसवू की’ म्हणाला, की तुम्ही चहा सांगायचात. म्हणजे आता वेळ लागणार.

पोराचं अर्धं खरं होतं. पंप सॅगिनॉ. आमच्यापासून तासाभरावर त्याच नावाचं गाव आहे, तिथं जनरल मोटर्सचा स्टेअरिंगचा कारखाना होता. तो पंप शेव्हरोलेवर लागला तसा जीपवरही लागला. आत सगळीकडे तेच: फिरता रोटर, त्याच्या खाचांत सरकणाऱ्या पात्या, मागं दाब सांभाळणारा व्हॉल्व्ह. बाहेरचं मात्र काही सारखं नाही. तेलाचा पत्र्याचा डबा कुठं गोल, कुठं लांबट. तेल ओतायचं तोंड कुठं सरळ, कुठं कलतं. मागचे स्टड वेगळ्या जागी. जुन्या शाफ्टला चावी आणि नट, नंतरच्यांवर पुली दाबून बसवलेली. दाबाच्या नळीचं तोंड जुन्यात पाच सुती, साधारण 1980 नंतर मिलिमीटरच्या आट्यांचं आणि ओ-रिंगचं. म्हणजे पंप बसला तरी जुनी नळी बसेलच असं नाही.

पण खरी गंमत इंजिनात होती. आमच्या आधीच्या मालकानं या गाडीत नंतरच्या एका मोटारीचं साडेतीनशे क्युबिक इंचाचं इंजिन टाकलेलं, आणि त्यावर हेड मात्र जुनी. तुम्ही असता तर आधी त्या माणसाचा उद्धार केला असता. का, ते सांगते. शेव्हरोलेनं 1969 साली मोटारींवरचा वॉटर पंप लांब केला. आधीचा आखूड आणि हा लांब यांत साधारण सव्वा इंचाचा फरक, तुमच्या हिशेबानं दहा सूत. वॉटर पंप पुढं आला म्हणून त्याची पुली पुढं आली, तिच्याबरोबर क्रँकची पुली, आणि मग पंपाचं ब्रॅकेटही. त्याच सुमारास हेडच्या तोंडावर बोल्टची भोकं आली, नवं ब्रॅकेट त्यांना धरायचं. 1968 च्या हेडला ती भोकं नाहीतच. आमच्याकडे वॉटर पंप लांब, हेड बिनभोकांची. लांब पंपाचं ब्रॅकेट आणावं तर लटकवायचं कशाला? आखूड पंपाचं आणावं तर पट्टा दहा सूत तिरका पळणार. वळणावर पूर्ण चाक मारलं की किंचाळणार आणि एक दिवस उडून पंख्यात जाणार.

हे म्हणाले, भोक पाडून आटे मारू. हेडला! मी नुसतं बघितलं त्यांच्याकडे. मामींची नजर लावली, बहुतेक.

शेवटी तुमचंच वाक्य चालवलं: पंप एकटा आणू नये, वऱ्हाडासकट आणावा. भंगारच्या यार्डात 1967 ची एक गाडी मिळाली, आखूड वॉटर पंपाची, पॉवर स्टेअरिंगवाली. पंप, पुढचं-मागचं ब्रॅकेट, तिन्ही पुल्या, वॉटर पंप, बोल्ट, सगळं एकाच गाडीचं उतरवायला घेतलं. इथं हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यानं बोल्ट आणि ब्रॅकेट एकजीव झालेले. हे पहार घेऊन पंपाच्या डब्यावरच रेटायला निघाले. मी हात धरला. डबा पत्र्याचा, आत ओतीव बॉडी. पत्र्यावर रेटा दिला की पोचा पडतो आणि तेल गळायला लागतं. रेटायचं ते ओतीव भागावर. तेल मारून, थांबून, पाना मागं-पुढं हलवत एकेक बोल्ट सोडवला. प्रत्येकाला चिठ्ठी बांधली, कुठल्या भोकातला ते लिहून. लांबी सगळ्यांची वेगळी असते, हे त्या पोराला कोण सांगणार? पुलीला हातोडी लावली नाही. हातोडीनं पुली निघते, पण शाफ्ट आत सरकून पंपाची वाट लागते. पुलर भाड्यानं आणला.

हे मला कुठून आलं, मामा? लेथपाशी तर तुम्ही मला कधी उभं केलं नाहीत. ओढणी अडकेल म्हणायचात. आपल्या संजूला मात्र त्याच वयात टूल धार लावायला दिलं होतंत आणि त्यानं काय केलं? विम्याचा एजंट झाला. माझ्या हातात व्हर्नियर द्यायचात, पाने द्यायचात, ‘तीन सुती दे’ म्हटलं की मी न बघता द्यायची. डिप्लोमा मेकॅनिकल करते म्हटलं तेव्हा मात्र बाबांच्या बाजूनं गप्प बसलात. तुम्ही एक शब्द बोलला असतात तर बाबांनी ऐकलं असतं. ते तुमचंच ऐकायचे.

असू दे. व्हर्नियर माझ्याकडेच आहे. निघताना बॅगेत टाकलीत ती. कस्टमवाल्यानं उघडून बघितली होती.

तुम्हाला एक आवडेल. हे पॉवर स्टेअरिंग ज्यानं पहिल्यांदा नीट चालवून दाखवलं, तो फ्रान्सिस डेव्हिस पिअर्स-ॲरो कंपनीच्या ट्रक विभागातला पूर्वीचा इंजिनिअर. 1926 साली त्यानं गाडीवर बसवून दाखवलं. बाजारात यायला 1951 उजाडलं, तेही क्रायस्लरच्या महागड्या इम्पीरियलवर. ट्रकवाल्यानं शोधलं आणि आधी मिळालं शेठ लोकांना. तुम्ही म्हणाल, यात नवीन काय.

आता कामाचं. सगळं बसलं, वऱ्हाडातला एक पाहुणा सोडून. मागच्या ब्रॅकेटमागचा बुश गंजून भुगा झालाय. वायसरची थप्पी घालायची नाही, हे माहीत आहे. तुम्ही एकदा एका गिऱ्हाइकाच्या ब्रॅकेटमागचे वायसर एकेक करून त्याच्या तळहातावर मोजले होते, ते मी विसरले नाही. तात्पुरता बुश घालून पुल्यांवर पट्टी धरली, तर पंपाची पुली एक सूत पुढं येते. अर्ध्या सुतापर्यंत सोडता येईल, एक नाही. पुली चावीची आहे, शाफ्टवर मागं सरकवता येत नाही. म्हणजे बुशच कमी करायचा. जाड पाइपचा तुकडा कापून तोंडं सपाट केली तर चालेल, की भरीव सळईतून बोअर करून घेऊ? इथला लेथवाला तासावर पैसे लावतो, म्हणून आधी विचारते.

फोनवर सांगणार असाल तर मामींना जवळ बसवा. तुम्ही ‘बघू’ म्हणून फोन ठेवता, त्या निदान माप लिहून घेतील. आणि लेथ कोणी घेतली, तेही सांगा.

तुमची,
चिमी