दहा रुपयांचा चहा

थर्ड इयरला सेमिनारचा विषय निवडताना सगळ्यांचे असते तेच ध्येय माझेही होते. कमीत कमी कष्ट! 'बिनतारी कार्डांची सुरक्षा' हा विषय कोणी घेतला नव्हता, म्हणून माझ्या वाट्याला आला.

वाचायला लागलो आणि अडकलोच. मायफेअर क्लासिक ही चिप १९९४ साली बाजारात आली. बस, मेट्रो, ऑफिसचे दरवाजे, सगळीकडे तीच. आतली क्रिप्टो-१ ही पद्धत कंपनीने गुपित ठेवली होती. गुपित म्हणजे सुरक्षित, असा साधा हिशोब. मग कार्स्टन नोल आणि हेन्रिक प्लोट्झ यांनी काय करावे? चिपचे थर घासत गेले, मायक्रोस्कोपखाली फोटो काढले आणि त्यातले गेट ओळखून पद्धत शोधली! (आमच्या लॅबमधल्या सीआरओचा प्रोब धड लागत नाही, ते सोडा.) डिसेंबर २००७ मध्ये बर्लिनच्या परिषदेत त्यांनी मेख सांगितली. किल्ली फक्त ४८ बिटांची आणि रॅन्डम आकडा १६ बिटांचा. तोही चिपला वीज मिळून किती वेळ झाला यावर ठरणारा. म्हणजे वेळ साधली की 'रॅन्डम' आकडा पुन्हा तोच!

पुढे नेदरलँड्सच्या रॅडबाउड विद्यापीठातल्या लोकांनी सगळी पद्धत उलगडली. आधी सरकारला आणि कंपनीला कळवले, मग पेपर छापायला निघाले. कंपनी कोर्टात गेली. जुलै २००८ मध्ये कोर्टाने बंदी घालायला नकार दिला आणि ऑक्टोबरमध्ये पेपर आला.

हे सगळे वाचून एका रात्री मी आपले मेसचे कार्ड मोबाईलला टेकवले. तीच चिप. आणि किल्ली? कारखान्यातून येते तीच, कोणी बदललीच नव्हती! मायक्रोस्कोप राहू दे, इथे कुलूपच लावलेले नव्हते. शिल्लक रक्कम कार्डातच. नोंद उतरवून ठेवली, मेसवर दहा रुपयांचा चहा प्यायलो, वर येऊन जुनी नोंद परत लिहिली. पैसे परत!

रूम पार्टनर उडालाच. "अरे, वर्षभर मेस फुकट! अख्ख्या विंगची कार्डं करू." खोटं कशाला सांगू, मलाही रात्रभर झोप आली नाही, आणि ती काही पश्चात्तापाने नाही.

सकाळी रिचार्जच्या खिडकीत मामा सुट्टे मोजत होते. महिनाअखेरीला मशीनवरचा आकडा आणि गल्ल्यातली रक्कम जुळवतात, हे त्यांनीच मागे सांगितले होते. फरक आला तर संशय कोणावर? मोबाईलवाल्या पोरांवर थोडाच!

रेक्टर सरांकडे गेलो तेव्हा पाय लटपटत होते. सरांनी पहिल्यांदा आयकार्ड मागितले आणि ठेवून घेतले. संपलं, म्हटलं. प्लेसमेंट, घरी फोन... त्या डच लोकांच्या मागे विद्यापीठ होते, माझ्याकडे स्पायरल बाइंडिंगचा रिपोर्ट. तोच टेबलावर ठेवला. चहाचेही सांगून टाकले. नुसत्या किल्ल्या बदलून भागणार नाही, शिल्लक सर्व्हरवरच ठेवायला हवी, हेही सांगितले. सर बराच वेळ रिपोर्ट चाळत राहिले. "आणखी कोणाला माहीत आहे?" "पार्टनरला." "त्यालाही घेऊन ये."

आयकार्ड आठवड्याने मिळाले. मध्यंतरी दोन महिने मेसमध्ये रजिस्टरवर सह्या का कराव्या लागल्या, हे आता कळलं असेल. त्या रांगेत ज्या शिव्या ऐकल्या त्या मीही मुकाट्याने ऐकल्या.

नंतर खिडकीत दहाची नोट ठेवली. "कार्डावर टाकू?" मामांनी विचारलं.

"नको मामा, जुनी उधारी आहे."