रूपाभवानीच्या रानातील शिंदी : ८ मे १९३०

१/ स्कॉटलंडमधील ओबान हे बंदराचे गाव १७९४ साली सुरू झालेल्या डिस्टिलरीभोवती वाढले. आज तेथे कुटुंबेच्या कुटुंबे दिवसाच्या सहलीला जातात, तांब्याच्या भट्ट्या आणि ओकची पिंपे पाहतात. मद्याचा इतिहास तेथे जपून ठेवलेला आहे. सोलापुरात मद्याचा इतिहास आहे, तो मात्र तोडलेल्या झाडांचा.

२/ नवरात्रात सोलापूरकर मुलाबाळांसह भवानी पेठेतील रूपाभवानीच्या दर्शनाला जातात. ओटी भरली जाते, मुलांना खेळणी मिळतात. याच परिसरातील शिंदीच्या झाडांवर १९३० च्या उन्हाळ्यात कुऱ्हाडी चालल्या आणि त्यातून साम्राज्याला हादरवणारा आठवडा घडला, हे त्या मुलांना क्वचितच कोणी सांगते.

३/ शिंदी म्हणजे रानखजुरीचे झाड. त्याच्या शेंड्याजवळ खाच पाडून खाली मडके बांधतात. पहाटे उतरलेला रस गोड असतो, ती नीरा. ऊन चढेल तशी ती आंबते आणि तिची शिंदी होते. येथे भट्टी लागत नाही, पिंपही लागत नाही. व्हिस्कीला कायद्याने किमान तीन वर्षे पिंपात मुरावे लागते. शिंदीला एक सकाळ पुरते. दिवसभर गिरणीत राबणाऱ्या मजुराला परवडणारे पेय हेच होते.

४/ म्हणूनच सरकारची नजर झाडावर गेली. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने परवान्याशिवाय रस काढणे हा गुन्हा ठरला. झाडामागे कर आला, दुकानांचे लिलाव होऊ लागले. मजुराच्या मजुरीतील काही भाग अशा रीतीने रोज सरकारी तिजोरीत जमा होई.

५/ आता १९३० कडे वळू. मिठाचा कायदा मोडायचा, पण सोलापूरला समुद्र कोठे? ज्या गावाजवळ मीठ नव्हते, त्याने सरकारी उत्पन्नाची दुसरी खूण शोधली. कोठे ते जंगल होते, सोलापुरात ती शिंदी ठरली. ताडी-शिंदीची झाडे तोडण्याचा कार्यक्रम गुजरातेत सुरतेकडेही चालला होता.

६/ ५ मे रोजी गांधीजींना अटक झाली. सोलापुरात हरताळ पडला. ८ मे रोजी जमाव रूपाभवानीकडे निघाला आणि शिंदीची झाडे तोडली जाऊ लागली. पोलिसांनी काहींना पकडले. त्यांना सोडा म्हणून लोक अडून बसले. गोळीबार झाला आणि शंकर शिवदारे हा तरुण ठार झाला. त्यानंतर जमावाचा संयम सुटला. मंगळवार पेठेतील पोलीस चौकीवर हल्ला झाला, पोलीस मारले गेले, न्यायालय पेटले.

७/ पुढचे काही दिवस शहरात इंग्रजी अंमल उरला नाही. १२ मे रोजी लष्करी कायदा पुकारला गेला, तो ३० जूनपर्यंत राहिला. या काळात गांधी टोपी घालणेही शिक्षेचे कारण ठरे. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि विशीतला पत्रकार कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी झाली. चार हुतात्मा चौक त्यांची स्मृती जपतो.

८/ पण एक प्रश्न चौकात उभे राहून सुटत नाही. तुटलेले झाड फक्त सरकारचे होते काय? त्यावर चढणाऱ्याची भाकरी त्याच झाडाला टांगलेली होती. मडके उतरवणारा, दुकानाबाहेर बसणारा मजूर आणि घरी मजुरीची वाट पाहणारी त्याची बायको, या तिघांना ती कुऱ्हाड एकसारखी दिसली नसणार. इतिहासाने हुतात्म्यांची नावे जपली, हे योग्यच झाले. रस काढणाऱ्याचे नाव मात्र कोणी लिहून ठेवले नाही.

९/ स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. महाराष्ट्रात मद्यपानासाठी आजही परवाना लागतो, तो याच कायद्याखाली. राज्यकर्ते बदलले, परवाना राहिला.

१०/ ओबानला गेलेल्या मुलाला भट्टी दाखवता येते. भवानी पेठेत दाखवण्याजोगे काही नाही. तेथे सांगावेच लागते. येत्या नवरात्रात ओटी भरून झाली की घरातल्या धाकट्यांना एवढे जरूर सांगावे : येथे शिंदीची झाडे होती.