आमदार शिक्षकांचा की पक्षाचा?

आठवीच्या वर्गावर राज्यशास्त्रातला 'राज्यशासन' हा पाठ चालू होता. फळ्यावर विधान परिषदेचा हिशोब मांडला. एकूण सदस्य ७८. त्यांतले ३० विधानसभेचे आमदार निवडून देतात, २२ स्थानिक स्वराज्य संस्थांचे सदस्य, ७ पदवीधर आणि ७ शिक्षक. उरलेले १२ राज्यपाल नेमतात.

आपल्या सरांना एक मत जास्तीचं आहे याची मुलांना गंमत वाटली. तेवढ्यात एका मुलीने विचारलं, "सर, तुमचा आमदार पक्षाचा असतो का?"

"बऱ्याचदा असतो."

"मग शिक्षकांचं आणि पक्षाचं पटलं नाही तर तो कुणाचं ऐकतो?"

"उद्या सांगतो," म्हणालो खरा, पण घरी येईपर्यंत तो प्रश्न डोक्यातून गेला नाही.

कायद्याचं उत्तर सोपं आहे. १९८५ मध्ये राज्यघटनेला दहावं परिशिष्ट जोडलं गेलं, तोच आपला पक्षांतरबंदी कायदा. पक्षाने व्हिप काढला असताना विरोधात मतदान केलं किंवा गैरहजर राहिलं, आणि पक्षाने १५ दिवसांत माफ केलं नाही, तर सदस्यत्व जाऊ शकतं. हा नियम विधानसभेइतकाच विधान परिषदेलाही लागू आहे. अपक्ष निवडून आलेल्याला व्हिप नसतो, पण त्याने नंतर एखाद्या पक्षात प्रवेश केला की आमदारकी जाते.

हा कायदा उगाच आला नाही. रात्रीतून पक्ष बदलणारे, सरकारं पाडणारे आमदार देशाने पाहिले होते. पण इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. मंत्रिमंडळ जबाबदार असतं ते विधानसभेला. विधान परिषदेत सरकार एखाद्या मतदानात हरलं तरी ते पडत नाही. धनविधेयक परिषद फार तर १४ दिवस थांबवू शकते. साधं विधेयकही ती कायमचं अडवू शकत नाही. मग जिथे सरकार पडण्याची भीतीच नाही, तिथे शिक्षणाच्या विधेयकावर शिक्षक आमदाराला व्हिपने का बांधायचं? मला तरी याचं पटणारं उत्तर सापडलेलं नाही.

काही वर्षांपूर्वी एक शिक्षक आमदार आमच्या भागात आले होते. आमचे काही सहकारी टप्पा अनुदानावर होते. बरीच वर्षं विनापगार काढल्यावर २० टक्के पगार हातात पडायला लागलेला. शिवाय १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांच्या जुन्या पेन्शनचा विषय होताच. एका सहकाऱ्याने सरळ विचारलं, "साहेब, तुम्ही सत्तेत आहात, मग आमचं का होत नाही?" ते म्हणाले, "सर, बोलायला मी बोलतोच. पण मतदानाची वेळ आली की पक्षाच्या बाहेर जाता येत नाही." स्टाफरूममध्ये नंतर त्यांच्यावर बरीच टीका झाली. मीही केली.

आता त्या मुलीच्या प्रश्नाने मला माझंच मत आठवलं. शिक्षक मतदारसंघाच्या मतपत्रिकेवर पक्षाचं चिन्ह नसतं. उमेदवारांची नावं असतात आणि केंद्रावर दिलेल्या जांभळ्या पेनने आपण पसंतीक्रम लिहायचा, १, २, ३. म्हणजे पक्ष बाजूला ठेवून माणूस निवडायची सोय तिथे आहे. आणि मी काय केलं? उमेदवाराने शिक्षणाबद्दल काय काम केलंय हे न बघता, तो 'आपल्या' पक्षाचा म्हणून त्याच्यापुढे १ लिहिला. दुसरी पसंती दिलीच नाही. मला तर कुणाचा व्हिपही नव्हता! मग पक्षाच्या नावावर निवडून दिलेला माणूस पक्षाचं ऐकतो, ही तक्रार मी कोणत्या तोंडाने करायची?

पक्ष असणं वाईट, असं मला म्हणायचं नाही. प्रा. ग. प्र. प्रधान पदवीधरांच्या मतदारसंघातून १८ वर्षं विधान परिषदेत होते, विरोधी पक्षनेतेही झाले. आपली समाजवादी निष्ठा त्यांनी कधी लपवली नाही, तरी लोकांना ते आपले 'प्रधान मास्तर'च वाटले. पक्षाचं बळ पाठीशी असेल तर मागणीला वजन येतं, एकट्या अपक्षाचं बोलणं हवेत विरू शकतं. प्रश्न पक्ष असण्याचा नाही, पक्षाच्या बैठकीत तो आपल्यासाठी भांडतो का, याचा आहे.

आणखी एक सल घरातलीच आहे. माझी पत्नी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिकवते. शिक्षक मतदारसंघात तिला मतच नाही. गेल्या सहा वर्षांत किमान तीन वर्षं माध्यमिक किंवा त्यावरच्या स्तरावर शिकवलेलं असावं लागतं. ती म्हणते, "तुमच्याकडे मत आहे, तर ते आमच्या मुलांचाही विचार करून देत जा." खरं आहे. पहिली ते चौथीच्या वर्गांचं म्हणणं तिथे मांडायचं कुणी?

दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं, "मतदानाच्या वेळी तो बहुतेक पक्षाचं ऐकतो, कारण कायदा तसा आहे. पण तारांकित प्रश्न विचारायला, लक्षवेधी मांडायला, अशासकीय विधेयक आणायला त्याला कुणी अडवलेलं नसतं. ते त्याने किती वेळा केलं, हे आपण विचारायचं."

ती म्हणाली, "सर, तुम्ही विचारलंत?"

"नाही," म्हणालो. वर्ग हसला. मलाही हसू आलं, पण ते फार वेळ टिकलं नाही.

शिक्षक मित्रांनो, मतदार यादी प्रत्येक निवडणुकीला नव्याने होते. आधी नाव नोंदवूया. मग उमेदवार शाळेत आला की चहाबरोबर दोन प्रश्नही ठेवूया: शिक्षणावर आजवर काय मांडलंत, आणि पक्षाचं मत आमच्या विरोधात गेलं तर आम्हाला येऊन तसं सांगाल का? पालकांनीही हेच प्रश्न आम्हाला विचारावेत. तुमच्या मुलांच्या शाळेबद्दलचं ते मत आमच्या हातात आहे.