नव्वद दिवसांचं सर्टिफिकेट

पतसंस्थेच्या व्यवस्थापकांनी वेबसाइटच्या सर्टिफिकेटची दोन कोटेशनं माझ्यासमोर सरकवली. "महागाचंच घेऊ. सभासदांच्या पैशाचा प्रश्न आहे." त्यांची काळजी खरी होती. पण सर्टिफिकेट म्हणजे तिजोरीचं कुलूप नव्हे. जास्त पैसे मोजले म्हणून ते जाड होत नाही. फुकटच्या सर्टिफिकेटनेही ब्राउझर आणि सर्व्हरमधलं बोलणं तितकंच बंदिस्त राहतं. फरक असतो तो देणाऱ्याने केलेल्या चौकशीत. डोमेन तुमच्या ताब्यात आहे एवढंच पाहिलं तर डीव्ही, संस्थेची नोंद तपासली तर ओव्ही, त्याहून कसून तपासली तर ईव्ही. पूर्वी ईव्ही घेतलं की संस्थेचं नाव ॲड्रेसबारमध्ये झळकायचं. २०१९मध्ये क्रोम आणि फायरफॉक्सने ते तिथून काढून आतल्या तपशिलात ढकललं. आता कोण सभासद ते शोधायला जाणार? आणि डीव्ही तर फसवणाऱ्याच्या साइटलाही मिळतं. साइटच्या पत्त्याचं स्पेलिंग नीट वाचायची सवय सभासदांना लावावी, हे मी त्यांना दोनदा सांगितलं.

माझा जीव अडकतो तो नूतनीकरणात. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं सर्टिफिकेट नव्वद दिवसांचं, फुकट, आणि आपोआप नवं होणारं. एकदा प्रवेश अर्जांच्या ऐन गर्दीत एका शाळेची साइट ब्राउझरने धोक्याची म्हणून अडवली. मी सर्व्हर उघडला, तर सर्टिफिकेटची फाइल नवीकोरी, महिन्यापूर्वीच आलेली. तरी ब्राउझरला दिसत होती जुनीच तारीख. साइट चालवणारा एन्जिनएक्स हा प्रोग्रॅम सुरू होताना वाचलेलं सर्टिफिकेटच अजून मेमरीत धरून बसला होता. त्याला रीलोड करायची ओळ मी लिहिलीच नव्हती. ओळ एक, पण त्या सकाळी कितीतरी पालक अर्ज न भरता परतले. ते मला अजून लागतं.

तेव्हापासून फाइलवर विश्वास ठेवत नाही. बाहेरून, मोबाइलच्या डेटावर साइट उघडून तारीख बघतो. वर्षाला एकदा सर्टिफिकेट हाताने बदलूनही आता भागणार नाही. मार्च २०२९पासून कुठल्याही सार्वजनिक सर्टिफिकेटची मुदत ४७ दिवसांच्या वर नसेल, विकतचं असो की फुकटचं.

पतसंस्थेला मी डीव्हीच बसवलं, रीलोडच्या ओळीसकट. मग व्यवस्थापकांच्याच फोनवर तारीख कुठे दिसते ते दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला, तारीख वाचली आणि डायरीत लाल पेनाने लिहून घेतली.