फाउंडेशन

आमची १५ वर्षं जुनी पिकअप न्यूट्रलला उभी असली तरी गिअरचा दांडा थरथरायचा. त्यावर हात ठेवून बसलेले अप्पाही थरथरायचे. क्लच सोडला की खालून ‘धड्’ असा आवाज. “म्हातारी झालीय गाडी, विकून टाक,” अप्पा म्हणायचे.

एकदा हँडब्रेक ओढून भावाला पहिल्या गिअरमध्ये क्लच किंचित सोडायला लावला. मी बाजूला उभा राहून बॉनेटमध्ये बघत होतो. इंजिन एका अंगाने उचललं गेलं. फाउंडेशन गेलं होतं. फाउंडेशन म्हणजे इंजिन आणि चॅसी यांच्यामधले रबराचे गट्टू. इंजिनाचे हादरे ते गिळतात.

रविवारी अंगणातच काम काढलं. बॅटरीची वायर सोडली. चेंबरखाली लाकडी ठोकळा ठेवून जॅक लावला, इंजिनाचा भार उचलला जाईल इतकाच. एका वेळी एकच बाजू. जुनं रबर पत्र्यापासून सुटून हातातच आलं. नवं बसवताना नट आधी हातानेच फिरवले, जॅक उतरवला, इंजिन नीट बसल्यावर मगच पान्याने आवळले.

अप्पांनी चावी फिरवली. दांडा शांत.

त्यावरचा अप्पांचा हात मात्र हलतच होता.

इतके दिवस आम्ही सगळं गाडीवर ढकललं होतं. बहुतेक त्यांनीही. माझी नजर पाहून त्यांनी हात हळूच मांडीखाली घेतला. मी म्हटलं, “चला अप्पा, एक चक्कर मारू.”

मंगळवारी डॉक्टरांची वेळ घेतलीय. पिकअपनेच जाणार आहोत. चालवणार मी.