जेट नंबर १३०

४ जानेवारी २०२५
इंजिन उद्यमनगरातून परत आलं. बोअरिंग झालं, नवे पिस्टन, नव्या रिंगा, क्रँक घासून. १०८९ सीसी. गाडी पद्मिनी, १९७८ची, आण्णांनी घेतलेली. ब्लॉकवरून हात फिरवून ते आत गेले. बोलले काहीच नाहीत.

६ जानेवारी
सोलेक्स कार्बोरेटर उघडला. फ्लोटच्या वाटीत पांढुरका गाळ, नख लावलं की पिठासारखा सुटतो. पंपाचा डायफ्रॅम फुगलेला. रबरी पाइप दुमडला तर भेगाच भेगा. इतकी मेहनत केलेलं इंजिन इथेनॉल मिसळलेल्या या पाण्यावर चालवायचं?

७ जानेवारी
उसाच्या ट्रॉल्यांमागे पाऊण तास अडकलो. कारखान्याकडून मळीचा वास. याच उसाचं इथेनॉल पंपावर येतं, पेट्रोलमध्ये २० टक्के. शेतकऱ्याच्या घरचा मी, त्याला नावं कशी ठेवू? पण सोलेक्स बनला तेव्हा पेट्रोल निराळं होतं. शिसंवालं.

९ जानेवारी
मिस्त्री म्हणतात, मारुती ८००चा कार्बोरेटर बसवू. मधे पट्टी टाकायची, झालं. पार्ट मिळतात, अ‍ॅव्हरेज बरं. सीएनजीचंही निघालं. मुंबईच्या पद्मिनी टॅक्स्या शेवटपर्यंत त्यावरच धावल्या, ऑक्टोबर २०२३पर्यंत. डिकीत सिलिंडर मला नको.

१२ जानेवारी
पुतण्या पुण्याहून आला. त्याचं मत इंजेक्शन. सायलेन्सरच्या पाइपात सेन्सर, पेट्रोल कसलंही असो, मिश्रण आपोआप जुळतं. सकाळी चावी फिरवली की चालू. ऐकताना मोह झाला.
मग कागद घेऊन बसलो. तीन बारचा इलेक्ट्रिक पंप (आपला कॅमवरचा जेमतेम पाव बारचा). टाकीपर्यंत परतीचा पाइप. क्रँकला सेन्सर. डायनामो काढून अल्टरनेटर. खर्च इंजिनकामाच्या बरोबरीला.

१३ जानेवारी
झोप नाही.

१५ जानेवारी
आण्णा गाडीत जाऊन बसले. बॉनेटखाली इंजिन नाही, हे त्यांना माहीत आहे. उजवा हात हल्ली थरथरतो. तरी डावा हात न बघता चोकच्या बटणावर गेला. अर्धं ओढलं, थांबले, पुन्हा आत सारलं.
“हे राहणार ना रे?”

१६ जानेवारी
सोलेक्सच.

१८ जानेवारी
डायफ्रॅम, नीडल, पाइप, सगळं इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचं मागवलं. दुकानदाराने दाखवलेला स्वस्त पाइप परत केला. पंपाआधी नवा फिल्टर. टाकी काढून आतून धुतली, गंज ओंजळभर निघाला.

२२ जानेवारी
चालू झालं! पण पिकअप देताना कार्बोरेटरमधून फटफट उलटं ठोकतं. प्लग काढले. चारही पांढरेफटक. पेट्रोल कमी पडतंय.

२३ जानेवारी
रात्री हिशेब. शुद्ध पेट्रोलच्या एका किलोला १४.७ किलो हवा, इथेनॉलला ९च. २० टक्के मिसळलं की साधारण साडेतेरा. म्हणजे आठेक टक्के पेट्रोल जास्त सोडायला हवं. कार्बोरेटरच्या जेटवर १२५ कोरलंय, भोक १.२५ मिमी. व्यास चार टक्के वाढवला की क्षेत्रफळ आठ टक्के. १३०.
मिस्त्रींनी हिशेब बघितलाच नाही. “मालक, पाच नंबर मोठं टाकून बघू.”

२४ जानेवारी
१३० बसवला. उलटं ठोकणं बंद.

२ फेब्रुवारी
रोज वीस-पंचवीस किलोमीटर. वेग पन्नासच्या वर नाही. ऑइल बदललं.

१६ फेब्रुवारी
पन्हाळा. आण्णा शेजारी. वाघबीळला थांबून बॉनेट उघडलं. उन्हात पेट्रोलची वाफ पाइपात अडेल ही धास्ती होती, म्हणून पाइप सायलेन्सरपासून लांबून वळवलाय. हात लावला. कोमट. प्लग काढला, बिस्किटाच्या रंगाचा. आण्णांनी तो रुमालात धरून बराच वेळ बघितला.
चढावर गिअर खाली घ्यायला मी उशीर केला, तसा स्टीअरिंगवरच्या दांड्याकडे त्यांचा हात आला. माझ्या हातावर टेकला. थरथरत होता.

१७ फेब्रुवारी
सकाळी चोक पूर्ण, दुसऱ्या सेल्फला चालू. आयडलिंग जरा चढं आहे. स्क्रू पाव फेरा. टाकी भरून ठेवायची, रिकाम्या जागेत ओल धरते.