विषाचे थेंब आणि यकृत

लाल विंचू चावला की माणसाची साखर वाढू शकते. विषामुळे शरीरात अॅड्रेनलिनचा लोंढा सुटतो आणि यकृत आपला ग्लायकोजेनचा साठा फोडून रक्तात साखर ओततं. कोकणात लाल विंचवाच्या दंशानं हृदय खचून माणसं दगावायची, महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरून ते बऱ्याच अंशी थांबवलं. त्यांची लढाई हृदयासाठी होती. मी यकृताचा डॉक्टर, म्हणून माझं लक्ष त्या साखरेकडे.

‘विंचवाच्या विषानं लिव्हर सुधारतं का हो?’ असं पेशंट विचारतात. मी आधी ‘नाही’ म्हणतो, मग जरा थांबतो.

कारण विष म्हणजे एकच एक द्रव्य नव्हे. त्यात छोटी छोटी प्रथिनं असतात आणि त्यातली बरीचशी पेशीच्या कुठल्या ना कुठल्या दाराला कडी घालतात. आपल्या लाल विंचवातलं आयबेरिओटॉक्सिन, अवघ्या ३७ अमिनो आम्लांचं, पोटॅशियमच्या एका दारावर इतकं नेमकं बसतं की प्रयोगशाळा ते हत्यारासारखं वापरतात. पश्चिम आशियातल्या पिवळ्या विंचवाचं कॅरिब्डोटॉक्सिन एवढं शिस्तीचं नाही, ते बरीच दारं अडवतं. त्यातलं एक यकृताच्या स्टेलेट पेशींवरही सापडतं. दारू, कावीळ, चरबी, कारण काहीही असो, यकृतात व्रणाचे धागे विणतात त्या मुख्यतः याच पेशी. धागे वाढत गेले की सिऱ्होसिस.

मग विष टोचायचं का? छे. तेच दार बंद करणारं ‘ट्रॅम-३४’ हे रसायन क्लोट्रिमॅझोलवरून बेतलं गेलं. हो, नायट्याला लावतो तेच मलम! ट्रॅम-३४नं यकृतात व्रण झालेल्या उंदरांमध्ये यकृताकडे रक्त नेणाऱ्या शिरेतला दाब उतरला. यातून माणसांसाठी उद्या औषध निघालंच, तर त्यात विषाचा थेंबही नसेल. विंचवानं दार दाखवलं, एवढंच त्याचं श्रेय. मला ते पुष्कळ वाटतं.

दुसरी वाट विषाणूंची. २०११ मध्ये चीनमधल्या संशोधकांना विंचवाच्या विषात हेपॅटायटिस सीच्या विषाणूचं आवरणच फोडणारं एक प्रथिन सापडलं. पण दोनच वर्षांत सोफोसबुविर बाजारात आलं. आज बहुतेकांचा हा आजार काही आठवड्यांच्या गोळ्यांनी बरा होतो. विंचवाची गाडी चुकली.

आता ड्रॉपरच्या बाटलीतून मिळणाऱ्या विंचवाच्या थेंबांबद्दल. क्युबातल्या निळ्या विंचवापासून बनवलेलं ‘विडाटॉक्स’ हे होमिओपॅथिक औषध कॅन्सरसाठी म्हणून विकलं गेलं. त्यात विष उरतं तरी किती, हा वेगळा वाद. इटलीतल्या संशोधकांनी ते यकृताच्या कॅन्सरच्या पेशींवर आणि उंदरांवर तपासलं. २०१७ मध्ये निष्कर्ष छापून आला: गाठी आटोक्यात येण्याऐवजी वाढीला जोर आला.

तेव्हा विंचवाचे असोत की झाडपाल्याचे, कुठलेही थेंब घेत असाल तर तपासणीला येताना बाटली सोबत आणा. रागावणार नाही. फक्त लेबल फाडू नका.